खाऱ्या वाऱ्याचे बदलते वेळापत्रक

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षभरात वाऱ्याचे चार हंगाम येतात. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा पडलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे यांची पाळी चालते. मार्च ते मे या काळात दुपारचा वायव्येचा वारा दिवसेंदिवस जोर धरतो आणि शेवटी मोसमी वाऱ्यात मिसळून जातो. मच्छीमार आणि शिडाची गलबते हाकणारे तांडेल यांचे सगळे वेळापत्रक पूर्वी या चक्रावर बेतलेले असे. आता मासेमारीच्या होड्यांना इंजिन आहे. वारा अर्ध्या तासाने उशिरा आला किंवा थोडा मंदावला, तर त्यामुळे कोणाचे काम अडत नाही. अडतो तो फक्त विंडसर्फर. फळीवर उभे राहून हातात शीड धरणाऱ्या या खेळाडूकडे इंजिन नसते, त्यामुळे वाऱ्याच्या वेळेतला आणि जोरातला बारीक फरक त्याला लगेच जाणवतो.

खाऱ्या वाऱ्याचे मूळ कारण शाळेच्या भूगोलात येते. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. रात्री हाच प्रकार उलट दिशेने होतो. कोकणात मात्र याला दोन गोष्टींची जोड मिळते. पहिली सह्याद्रीची. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर उभी असलेली ही भिंत दुपारी तापते, तिच्या उतारांवरून हवा वर चढू लागते आणि समुद्राकडून येणाऱ्या हवेला आणखी आत ओढते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मोसमातला मुळातला वारा. मार्चनंतर अरबी समुद्राच्या या भागावर वायव्येकडून वाहणारा प्रवाह बळावतो. खारा वारा त्याच्याच अंगाने वाहत असल्याने दोघांची बेरीज होते. म्हणूनच जानेवारीत बऱ्याचदा आठ-दहा नॉटवर थांबणारा दुपारचा वारा एप्रिल-मेमध्ये पंधरा नॉटपर्यंत सहज जातो. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर.

हिवाळ्यात दिवसाचा क्रम असा असतो. सकाळी पूर्वेकडून कोरडी, हलकी हवा येते आणि किनाऱ्यालगतचे पाणी गुळगुळीत राहते. अकराच्या सुमारास ती हवा पडते. अर्धा-पाऊण तास काहीच हलत नाही. मग दूर क्षितिजाजवळ पाण्याचा रंग गडद होतो, तो पट्टा किनाऱ्याकडे सरकतो आणि पश्चिमेकडून पहिली झुळूक येते. दुपार चढेल तसा वारा उजवीकडे वळत जातो, म्हणजे पश्चिमेकडून वायव्येकडे. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे ढळते, त्याचा हा परिणाम. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाहत उभे राहिले, तर वायव्येचा वारा समोरून पण उजव्या हाताने येतो. विंडसर्फिंगला ही दिशा सोयीची. वाऱ्याला आडवे जाऊन आडवेच परतता येते आणि काही बिघडले तरी वारा किनाऱ्याकडेच लोटतो. सकाळचा मतलई वारा याच्या उलट, खोल समुद्राकडे नेणारा, म्हणून नवशिक्यांना त्या वेळी पाण्यात उतरू देत नाहीत.

खाऱ्या वाऱ्याचा पसारा डोळ्यांना दिसतो त्याहून मोठा आहे. उपग्रहांनी मोजलेल्या वाऱ्यांवरून गोव्याच्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की गोव्यासमोर या वाऱ्याचा प्रभाव किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्याही पलीकडे पोहोचतो. याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले, की गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या छोट्या लाटासुद्धा रोज खाऱ्या वाऱ्याच्या तालावर चढतात आणि उतरतात. वारा थांबला की काही वेळाने त्याही बसतात. दूरच्या वादळातून आलेल्या लांबलचक लाटा या तालात येत नाहीत. पाण्यावर रोज असणाऱ्याला हा फरक पायाखालीच कळतो.

विंडसर्फरला बदल लवकर का जाणवतो, याचे कारण नुसत्या अनुभवात नाही, गणितातही आहे. हलक्या वाऱ्यात फळी होडीसारखी पाणी कापत जाते. वारा साधारण बारा नॉटवर गेला की नेहमीच्या आकाराच्या शिडाने ती पाण्याच्या पृष्ठावर चढते आणि सरकू लागते. खेळाडू याला प्लेनिंग म्हणतात आणि खरी मजा तेव्हाच सुरू होते. समुद्रावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागतो तो याच टप्प्यावर. शिडावर पडणारा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वारा दहा टक्क्यांनी कमी झाला तर दाब एकोणीस टक्क्यांनी घटतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा उंबरठ्याचा. समजा, एखाद्या महिन्यात दुपारच्या वाऱ्याची सरासरी बारा नॉट आहे आणि रोजचा चढउतार दोन नॉटच्या आसपासचा. अशा महिन्यात निम्मे दिवस फळी सुटते, म्हणजे पाण्यावर चढून सरकू लागते. आता सरासरी बारावरून अकरावर आली, तर बारा नॉट ओलांडणारे दिवस पन्नास टक्क्यांवरून एकतीस टक्क्यांवर येतात. वेधशाळेच्या आलेखात एका नॉटची घट म्हणजे किरकोळ फरक. खेळाडूच्या हिशेबी मात्र महिन्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक तृतीयांशाहून अधिक गेलेले असतात. ‘वारा पार गेला’ असे तो म्हणतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो, तो वेगळी गोष्ट मोजत असतो.

बदलांपैकी सर्वांत ठोस नोंद हंगामाच्या कडांची आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींवर आधारलेल्या होत्या. मुंबईत पाऊस पोहोचण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच राहिली. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. राजस्थानातून माघार सुरू होण्याची तारीख तर १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर झाली. किनाऱ्यावर याचा अर्थ असा, की पावसाळी हवेला उतार पडून जमीन कोरडी व्हायला आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा नियमित क्रम बसायला पूर्वीपेक्षा उशीर लागतो. दसरा झाला की हंगाम सुरू, असा हिशेब धरणाऱ्याला अलीकडे बरेचदा ढगाळ आणि दिशाहीन हवा पाहावी लागते.

दुसरी कडा मे-जूनची. तिथे सरासरी तारीख हललेली नसली, तरी वर्षावर्षांतला फरक चक्रावून टाकणारा आहे. २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ अरबी समुद्रात रेंगाळले, मोसमी प्रवाहाची घडी विसकटली आणि मुंबईत पाऊस २५ जूनला पोहोचला. त्याच दिवशी तो दिल्लीतही दाखल झाला. असा योग त्याआधी १९६१ साली आला होता. दोनच वर्षांनी, २०२५ मध्ये, मुंबईत २६ मे रोजीच मोसमी पाऊस येऊन थडकला. इतक्या लवकर तो येण्याची तिथल्या नोंदींत दुसरी वेळ नाही. मे महिना हा खाऱ्या वाऱ्याचा कळस. तो एका वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबतो आणि दुसऱ्या वर्षी मे संपायच्या आत तुटतो, तेव्हा हंगाम किती दिवसांचा, या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही.

चक्रीवादळांनी या कडा आणखी खडबडीत केल्या आहेत. अरबी समुद्र एकेकाळी बंगालच्या उपसागराच्या तुलनेत शांत मानला जाई. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये तौक्ते गोवा आणि कोकण खरवडत गुजरातकडे गेले. त्या वेळी मुंबईत कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात एकाच वेळी फिरत होती. वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी किनाऱ्यावरचा रोजचा खारा-मतलई क्रम बिघडतो. ते समुद्रात असेपर्यंत वाऱ्याची दिशा त्याच्या जागेवर अवलंबून राहते आणि ते निघून गेल्यावर बरेचदा काही दिवस हवा साफ पडते. विंडसर्फिंगच्या दृष्टीने वादळाचा आठवडा दोन्ही बाजूंनी वाया जातो. वादळाच्या लाटांत जाणे हे धाडस नव्हे, मूर्खपणा आहे.

हिवाळ्याच्या वाऱ्यात दोन प्रकारचे फेरफार दिसतात आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा आठवडेच्या आठवडे कोंदटलेली होती आणि प्रदूषणाचे आकडे दिल्लीच्या बरोबरीने बातम्यांत येत होते. हवेच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध प्रशांत महासागरातील लागोपाठ तिसऱ्या वर्षाच्या ‘ला नीना’शी, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा गार राहण्याच्या स्थितीशी, जोडला. मुंबईत हिवाळ्यात रोजच्या खाऱ्या-मतलई पाळीखेरीज किनाऱ्याकडून समुद्राकडे आणि समुद्राकडून किनाऱ्याकडे वारा काही दिवसांआड फिरतो आणि शहराची धूळ-धूर धुऊन नेतो. त्या वर्षी हे फिरणे लांबले आणि वेगही मंदावला. शहरातल्या माणसाला खोकल्यातून जे कळले, ते शीड घेऊन बसलेल्याला सपाट पाण्यावरून कळावे अशीच ती स्थिती होती.

दुसरा फेरफार अवचित येणाऱ्या जोरदार वायव्य वाऱ्याचा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, इराण-पाकिस्तानावरून पुढे सरकला, की त्याच्या पाठीमागे पर्शियन आखाताच्या बाजूने ‘शमाल’ नावाचे वारे सुटतात. त्यांनी उठवलेल्या लाटा दोन-तीन दिवसांत गोव्यापर्यंत येतात आणि कधी वारेही किनारा गाठतात. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईवर धुळीचा पांढुरका पडदा पसरला, दृश्यमानता घसरली आणि दुपारचे तापमान एकदम उतरले, ते अशाच वाऱ्यांनी वाहून आणलेल्या धुळीमुळे. जानेवारीत दिवसभर वायव्येचा दमदार वारा मिळणे ही खेळाडूला पर्वणी असते. पण हे वारे विक्षोभांच्या वाटेवर अवलंबून असल्याने एखाद्या वर्षी चार वेळा येतात आणि एखाद्या वर्षी एकदाही नाही. त्यावरून कल ठरवणे घाईचे होईल.

फेब्रुवारी-मार्चमधल्या बदलाला मुंबईकर उकाड्याच्या नावाने ओळखतात. या दिवसांत पूर्वेकडून येणारा कोरडा वारा जोरात असला, तर खारा वारा समुद्रावरच अडून राहतो. तो अकराऐवजी दोनला येतो आणि मधल्या तीन तासांत पारा अडतीस-एकोणचाळीस अंशांवर चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते, तेव्हा हा प्रकार नवा नाही हे उघड आहे. भारतातला १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च मात्र २०२२ चा. मूळ तापमानच वर सरकल्यावर खारा वारा उशिरा येण्याची किंमत वाढते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जमीन जास्त तापली म्हणजे खारा वारा आपोआप जोरकस होईल, असे नाही. पूर्वेचा वारा जमिनीच्या तापण्यावर मात करू शकतो, आणि समुद्रही आता जुना गार समुद्र राहिलेला नाही. उष्णकटिबंधीय हिंदी महासागर १९५० ते २०२० या काळात शतकामागे सुमारे १.२ अंश सेल्सिअस या वेगाने तापला आहे. वारा जन्मतो तो दोन्हींमधल्या फरकातून.

हाच फरक मोठ्या प्रमाणावर मोसमी वाऱ्यालाही लागू होतो. पुण्याच्याच मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडले, की हिंदी महासागराच्या वेगवान तापण्यामुळे उपखंड आणि समुद्र यांच्यातली तापमानाची तफावत कमी झाली आहे आणि त्याचा संबंध मध्य भारतातील घटत्या पावसाशी आहे. मोसमी वाऱ्याचा मुख्य झोत आफ्रिकेच्या शिंगाजवळून निघून अरबी समुद्र ओलांडतो. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या या झोताला जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. २०१५ च्याच आणखी एका संशोधनात हा झोत उत्तरेकडे सरकत असल्याचे निष्कर्ष आले. झोत उत्तरेला सरकणे म्हणजे एकाच किनारपट्टीवर एका ठिकाणी वारा वाढणे आणि दुसऱ्या ठिकाणी घटणे. म्हणून केरळच्या खेळाडूचे निरीक्षण आणि डहाणूच्या खेळाडूचे निरीक्षण जुळले नाही, तर दोघांपैकी एक चूक असलाच पाहिजे असे नाही.

पावसाळ्यातल्या वाऱ्याचा हिशेब पवनऊर्जेच्या क्षेत्रानेही ठेवला आहे, कारण साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारांवरच्या पवनचक्क्यांचा मुख्य हंगाम हाच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९८० ते २०१६ या काळात भारताची पवनऊर्जाक्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटल्याचे आणि त्यामागे हिंदी महासागराचे तापणे असल्याचे म्हटले. विंडसर्फर जून-जुलैत उघड्या समुद्रात जात नाहीत. १ जूनपासून मासेमारीही बंद असते. ते पाण्यावर उतरतात ते खाड्यांच्या आतल्या भागात किंवा घाटमाथ्यावरच्या धरणांत. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडांचा सराव करतात, तेथे सह्याद्री ओलांडून आलेला पश्चिमेचा वाराच कामी येतो. पवनचक्की आणि शीड दोघांनाही वेगाच्या उंबरठ्याचे गणित सारखेच लागू पडते. पवनचक्कीच्या बाबतीत ते अधिक कडक, कारण ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते.

तरीही किनाऱ्यावर जाणवलेली प्रत्येक घट हवामानबदलाच्या खात्यावर टाकता येत नाही. गिरगाव चौपाटीचे उदाहरण घ्यावे. बॅकबेचे तोंड नैर्ऋत्येकडे आहे आणि दुपारचा वायव्येचा वारा तेथे मलबार हिलवरून उतरून येतो. टेकडीवर पूर्वी झाडी आणि बंगले होते, आता तिच्यावर आणि तिच्या पलीकडे उंच मनोरे उभे आहेत. एखाद्या अडथळ्याच्या मागे वारा त्याच्या उंचीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक अंतरापर्यंत विस्कळीत राहतो. दोनशे मीटरच्या इमारतीची सावली म्हणूनच दोन किलोमीटरपर्यंत पडू शकते. या पट्ट्यात शीड एका क्षणी फडफडते आणि दुसऱ्या क्षणी हातातून ओढले जाते. समुद्रावरचा वारा पूर्वीइतकाच असूनही चौपाटीवरचा वारा खराब झालेला असतो. वेधशाळांच्या वेगमापकांनाही हाच शाप आहे. २०१० मध्ये रॉबर्ट व्होटार्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांतील जमिनीवरचा वारा तीन दशकांत ५ ते १५ टक्क्यांनी मंदावल्याचे दाखवले आणि त्याचा बराच भाग वाढत्या झाडोऱ्यामुळे, म्हणजे भूपृष्ठाच्या वाढलेल्या खडबडीतपणामुळे आहे असे सांगितले. पुढे २०१९ मधल्या संशोधनात २०१० च्या सुमारापासून जगभर हा कल उलटल्याचे आढळले. म्हणजे एखाद्या दशकाची घट कायमचीच असेल असे गृहीत धरता येत नाही.

निरीक्षकाचे साधनही बदलते आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून विंडसर्फिंग स्पर्धेत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फळीखाली पाणपंख असलेला आयक्यूफॉइल हा प्रकार आला. हा पंख फळीला पाण्याच्या वर उचलतो आणि मोठ्या शिडाबरोबर सात-आठ नॉटवरही ती उडू लागते. ज्याने फॉइल घेतले त्याच्या आठवणीत हंगाम वाढलेला असेल, ज्याने जुनी फळी ठेवली त्याच्या आठवणीत आटलेला. दोघांनी एकच वारा पाहिलेला असतो. वय वाढले की माणूस लहान शीड पसंत करतो, हीही एक चूक मोजमापात मिसळते. शिवाय आठवणीत राहतात ते उत्तम आणि भीषण दिवस. मधले सगळे गळून जातात.

असे असूनही या लोकांच्या नोंदींना किंमत आहे, कारण ते जिथे असतात तिथे दुसरे मापक फारसे नाही. समुद्रावरचा वारा मोजणारे उपग्रह पाण्याच्या पृष्ठावरून परतणाऱ्या रडारलहरींवरून वेग काढतात. २००९ चा ओशनसॅट-२, २०१६ चा स्कॅटसॅट-१ आणि २०२२ चा ओशनसॅट-३ हे भारताचे असे उपग्रह. पण किनाऱ्यालगतच्या साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीचे प्रतिध्वनी मिसळतात आणि मोजणी अविश्वसनीय होते. त्यातही उपग्रह एका जागेवरून दिवसातून एखाद-दोनदाच जातो. मागील दशकांचा वारा पुन्हा मांडणाऱ्या संगणकीय संग्रहांची जाळी सुमारे तीस किलोमीटरची असते. एका चौकोनात समुद्र, खाडी, टेकडी आणि गाव सगळे एकत्र येते. खारा वारा प्रथम किनाऱ्यावर किती वाजता लागला, हे अशा चौकोनातून निघत नाही.

ही उणीव भरून काढणारी नोंदवही अगदी साधी असू शकते. तारीख, पहिली झुळूक लागल्याची वेळ, पांढरा फेस दिसू लागल्याची वेळ, वाऱ्याची दिशा आणि ती किती वाजता फिरली, शिडाचे क्षेत्रफळ, फळी साधी की फॉइलची, आणि वारा पडल्याची वेळ. सर्वांत महत्त्वाचा रकाना मात्र बहुतेक जण कोरा ठेवतात, तो म्हणजे वारा आलाच नाही त्या दिवसांचा. पाण्यात उतरलेल्या दिवसांची यादी कितीही लांब असली, तरी ती वाऱ्याची सरासरी सांगत नाही, फक्त खेळाडूची हौस सांगते. हाती छोटा वेगमापक असेल तर तो नेहमी एकाच ठिकाणी, एकाच उंचीवर धरावा, कारण जमिनीपासून दोन मीटरवरचा आणि वेधशाळेच्या प्रमाणित दहा मीटरवरचा वारा सारखा नसतो. मनगटावरच्या जीपीएस घड्याळात साठणारी वेगाची रेघही उपयोगी पडते. फळी कोणत्या मिनिटाला सुटली आणि कोणत्या मिनिटाला बसली, हे त्यात दिसते आणि शिडाचा आकार माहीत असला की त्यावरून वाऱ्याचा अंदाज काढता येतो. अशा नोंदी दोनापावला, मोरजी, मांडवा, चौपाटी अशा वेगवेगळ्या जागांवर एकाच पद्धतीने ठेवल्या गेल्या, तर इमारतींनी बिघडवलेला वारा आणि समुद्रावरच बदललेला वारा वेगळे काढता येतात. पहिला एकाच ठिकाणी दिसतो, दुसरा साऱ्या किनाऱ्यावर.